तालिकेतली गावकी

आषाढातल्या एका रविवारी, ताम्हिणीच्या अंगाने पहाटेपासून कोसळत आलेला पाऊस पौडच्या पेठेपर्यंत पोहोचून जरासा थकला होता, तेव्हा माझे जुने स्नेही, ज्यांनी उमेदीची सारी वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली आणि ज्यांना आळीतल्या इतर सर्वांप्रमाणे मीही ‘मामा’च म्हणतो, ते आणि त्यांची सख्खी भाची, जी याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका महाविद्यालयात गेली चार वर्षे ग्रंथपाल आहे, यांच्यात मामांच्या पडवीत जो वाद झाला, तो जसा आठवतो तसा येथे उतरवून ठेवीत आहे. या वादात मी निःपक्षपाती नव्हतो, हे आधीच कबूल करतो. भाचीने तळून आणलेल्या कांदाभज्यांनी माझी साक्ष थोडीफार फितवली असण्याचा संभव आहे.

वादाला निमित्त झाले एका विद्यार्थ्याचे. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावातून रोज एसटीने येणारा हा मुलगा ‘मुळशी सत्याग्रह’ या विषयावर प्रकल्प लिहायचा म्हणून ग्रंथालयात आला, संगणकापुढे बसला आणि शोधाच्या चौकटीत त्याने आपल्या तालुक्याचे नाव मराठीत लिहिले. पडद्यावर उत्तर उमटले : शून्य नोंदी आढळल्या. वास्तविक विनायकराव भुस्कुटे यांचे ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक त्या क्षणी त्याच्या पाठीमागे, आठ-दहा हातांवरच्या कपाटात उभे होते.

“मग त्याने काय केले?” मामांनी विचारले.

“काय करणार? फोन काढला, दोन मिनिटांत त्यावरून चार परिच्छेद उतरवून घेतले आणि चालू लागला. मी त्याला दारात गाठला म्हणून बरे. नाहीतर ज्या सत्याग्रहात त्याच्या पणजोबाने लाठ्या खाल्ल्या असतील, त्याचे पुस्तक आमच्याकडे नाही असेच तो जन्मभर सांगत फिरला असता.”

“पण नोंद सापडली का नाही?”

नोंद रोमन लिपीत होती, हे त्याचे कारण. काही वर्षांपूर्वी जुन्या तालिकापत्रांवरून संगणकात नोंदी भरण्याचे काम नगावर मजुरी ठरवून कोणा कंत्राटदाराला दिले गेले. रोमन वर्णमालेत ‘ळ’ला घर नाही, त्यामुळे नोंदणाऱ्याच्या हातून मुळशीचे जे काही झाले ते मोठ्याने वाचले तर ‘मुलाशी’ असे ऐकू येते. यंत्राला दोन्ही शब्द सारखेच परके, आणि यंत्र कोणाचीही भीड धरत नाही.

मामा हसले. “माझ्या वेळी तो पोरगा यंत्राला नव्हे, मला विचारता. आणि मी त्याला विचारले असते, कोणत्या गावचा तू? त्याने गाव सांगितले असते, म्हणजे त्याला भुस्कुटे द्यायचे, सेनापती बापटांचे चरित्र द्यायचे, की आणखी काही, ते मला तिथल्या तिथे कळले असते. तालिका ही ग्रंथपालाच्या गैरहजेरीतली तजवीज आहे.”

“आणि तुमच्या हजेरीतही जो पोरगा तुम्हाला घाबरायचा, त्याचे काय, मामा?”

या प्रश्नावर मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मी त्यांच्या ग्रंथालयात पुष्कळदा गेलेलो असल्याने मला ठाऊक आहे, की त्यांच्या मेजासमोर उभे राहून ‘अमुक विषयावरचे काही’ असे पुटपुटणे हे मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेहून सोपे नव्हते. आपल्याकडे ज्ञानाचे भांडार राखणाऱ्याकडे त्याची किल्लीही असते, ही वहिवाट जुनी आहे. पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसायांनी निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, त्याआधी ते कागद रुमालांत बांधलेले होते. कोणत्या रुमालात काय आहे हे सांगणाऱ्या फेरिस्ती होत्या खऱ्या, पण अशा दफ्तरांत फेरिस्तीपेक्षा कारकुनाची स्मृतीच अधिक भरवशाची, आणि तो कारकून प्रसन्न असेल तर संशोधक सुदैवी. मामा हे त्या परंपरेतले शेवटचे. हे मी प्रशंसा म्हणून लिहीत आहे, तरी सर्वस्वी प्रशंसा म्हणून नव्हे.

“तुमच्या स्मृतीला मी नावे ठेवत नाही,” भाची म्हणाली. “पण आमच्याकडे येणारी मुले ती स्मृती घेऊन येत नाहीत. एका मुलीने परवा लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ शोधले. तिने ‘ती’ दीर्घ लिहिली. आली पुन्हा तीच शून्य नोंद. दुसरीने ऱ्हस्व लिहिली, तिला नवी आवृत्ती सापडली, पण जुनी नाही, कारण जुन्या प्रतीच्या नावावर शेवटी अनुस्वार आहे आणि नोंदही मुद्रणाबरहुकूम केलेली आहे. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गळाले. पण त्याआधीच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या पुस्तकांच्या डोक्यावर ते अजून बसलेलेच आहेत. ‘नांव’ आणि ‘नाव’, ‘कांहीं’ आणि ‘काही’. आमच्या तालिकेत मराठी भाषेचे दोन तुकडे आहेत आणि मधे पूल नाही.”

“म्हणून पूल बांधायचे काम मुलांना देणार?”

“होय. ज्याला जो शब्द सुचला तो त्याने पुस्तकाच्या नोंदीला चिकटवावा. टॅग म्हणतात त्याला.”

“चिठ्ठी म्हण की.”

“बरे, चिठ्ठी. त्या दारात गाठलेल्या मुलाने भुस्कुट्यांच्या पुस्तकाच्या नोंदीवर ‘मुळशी’ एवढीच चिठ्ठी लावली असती, तर त्याच्यामागून येणाऱ्याला पुस्तक सापडले असते. पुढे जाऊन त्याने दोन ओळी लिहाव्यात, की यात आमच्या गावाचा उल्लेख अमुक पानावर आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांनी आपली यादी करावी आणि ती सगळ्यांना दिसावी. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. आम्ही कोहा नावाची प्रणाली वापरतो, ती न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या लहानशा ग्रंथालयाने करून घेतली आणि २००० सालच्या जानेवारीत तिथे चालू झाली; फुकट मिळते, कोणीही घ्यावी. तिच्यात चिठ्ठ्या, अभिप्राय, तारे आणि याद्या, सगळ्याची सोय आहे. फक्त ते बटण बंद ठेवण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे.”

कोहा हा माओरी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भेट असा होतो, आणि तीही परतीची अपेक्षा असलेली भेट, म्हणजे जवळजवळ आपल्याकडचा आहेर, ही माहितीही तिनेच दिली. मामांना शब्दांचा नाद असल्याने ते थोडे विरघळले, आणि मला वाटले की वाद येथेच संपतो. पण त्यांच्या मनात वेगळेच शिजत होते.

“हे बघ,” ते म्हणाले, “तू जे सांगतेस ते अमेरिकेत होऊन गेलेले आहे. मी निवृत्त झालो म्हणून मासिके वाचायचे सोडलेले नाही. २००५ साली लायब्ररीथिंग निघाले, वाचकांनी आपापल्या पुस्तकांना चिठ्ठ्या लावायच्या. २००७ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या ग्रंथालयाने वाचकांना तालिकेतच लिहू दिले. आणि कळले काय? एका ग्रंथालयाचे वाचक एकट्याने पुरत नाहीत. हजार पुस्तकांमागे दहा चिठ्ठ्या पडतात, त्यातल्या चार ‘मस्त’ अशा असतात आणि दोन ‘परीक्षेला उपयोगी’. म्हणून शेवटी लायब्ररीथिंगनेच आपल्या लाखो वाचकांच्या चिठ्ठ्या इतर ग्रंथालयांना विकत द्यायला सुरुवात केली. मराठी पुस्तकांच्या चिठ्ठ्यांचा असा साठा कोणापाशी आहे? तुझी दोन-तीनशे पोरे, त्यातली लिहिणारी वीस.”

“वीस पुष्कळ झाली.”

“कशाला पुष्कळ?”

भाचीने या प्रश्नाला उत्तर न देता ताटातले एक भजे उचलले, आणि ते संपवून जे सांगितले ते माझ्या मते त्या दुपारचे सर्वांत विचारार्ह बोलणे होते. तिचे म्हणणे असे, की ड्यूईच्या वर्गीकरणात धरणे ६२७.८ या अंकावर बसतात, भारताचा इतिहास ९५४ वर, चरित्रे ९२०च्या घरात, आणि कोणी या विस्थापनावर कविता केली असेल तर ती मराठी काव्याच्या ८९१.४६१ वर. म्हणजे नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने बांधलेले धरण, त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या दिवशी सुरू झालेला सत्याग्रह, त्यात ‘सेनापती’ ठरलेले पांडुरंग महादेव बापट, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल आजतागायत गायली जाणारी गाणी, ही सारी एका माणसाच्या दृष्टीने एकच गोष्ट असली तरी ग्रंथालयात ती चार खोल्यांत वाटली जाते. राजेंद्र व्होरांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ या सत्याग्रहाला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणतो. तो कोणी समाजशास्त्रात ठेवतो, कोणी इतिहासात. “वीस मुलांनी त्या सगळ्यांवर ‘आमचं मुळशी’ एवढी एकच चिठ्ठी लावली,” ती म्हणाली, “तर त्या चार खोल्यांमधल्या भिंती पडतात. लाखो वाचकांची गरज अमेरिकेला असेल. आम्हाला या तालुक्याचीच माणसे हवीत, कारण ही चिठ्ठी दुसरे कोणी लावणारच नाही.”

“त्याला ‘हेही पहा’ म्हणतात,” मामा म्हणाले. “मी अशी शेकडो पत्रे हाताने लिहिली आहेत. पाच इंच लांब, तीन इंच रुंद, खाली भोक, त्यातून पितळी सळई.”

“तुमच्या हातच्या त्या पत्रांत ‘मुळशी’ होते का?”

मामा बराच वेळ गप्प राहिले. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी कबूल केले, की त्यांनी ‘जलविद्युत् प्रकल्प’ असे पत्र केले होते, ‘सत्याग्रह चळवळ’ असेही केले होते, कारण प्रमाणित विषयशीर्षकांच्या यादीत तसे होते. गावाचे नाव लिहायचे सुचले नाही. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ज्यांना मुखोद्गत आहेत आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक ही दोन तर ज्यांनी भिंतीवर टांगली होती, त्या माणसाच्या तोंडची ही कबुली लहान नव्हती.

त्याच सुमारास लाइट गेली. ज्या धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर जाते त्या धरणाच्या तालुक्यात पाऊस पडला की लाइट जाते, याबद्दल मुळशीकरांनी तक्रार करणे केव्हाच सोडले आहे. भाचीने लॅपटॉपच्या उजेडात वाद पुढे चालवला.

“पुस्तकांचे गाव पाहिलेत ना तुम्ही, भिलार? २०१७ सालच्या ४ मेला उघडले. तेव्हा पंचवीस जागी, कोणाच्या घरात, कोणाच्या देवळाजवळ पुस्तके मांडलेली. एका घरात कथा, दुसऱ्यात बालवाङ्मय. तिथे तालिका शोधायला कोणी संगणकापुढे बसत नाही. घराचा मालक बाहेर येतो, हे वाचा म्हणतो. मला माझ्या तालिकेत तेवढेच हवे आहे, कोणीतरी ओसरीवर येऊन म्हणावे, हे वाच.”

“भिलारला स्ट्रॉबेरी आहे. तुझ्याकडे काय आहे?”

“आंबेमोहोर आहे,” ती म्हणाली, आणि मी हसलो, तेव्हा मामांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की मी पुन्हा भज्यांकडे वळलो.

यापुढचे बोलणे मात्र हसण्यासारखे नव्हते, आणि माझी साक्ष येथे भाचीकडून थोडी मामांकडे झुकली. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, तुम्हाला आठवत असेल, पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा चिकटवलेला असे आणि त्यात एक कार्ड. त्यावर वाचकाचे नाव आणि परतीची मुदत. ही हिची गावकी तेव्हाही होती. पुस्तक हातात घेतले की आपल्याआधी कोणी नेले ते दिसे. कोणी वरच्या वर्गातल्या मुलाने नेले असेल तर खालचा मुलगा हमखास नेई. मी कित्येक पुस्तके त्या कार्डांवरच खपवली.”

“मग हेच तर म्हणते मी!”

“ऐक पुरते. एका मुलीने विवाहकायद्यावरचे पुस्तक नेले. लहानसे, सरकारी छापाचे. नोंदणी विवाह कसा करावा, अर्ज कसा लिहावा. तिच्यानंतर तेच पुस्तक ज्याने नेले त्याने तिचे नाव वाचले. चार दिवसांत ते तिच्या घरी पोहोचले. ती पुन्हा ग्रंथालयात आली नाही. पुढे महाविद्यालयातही आली नाही. त्या दिवशी रात्री थांबून मी देवघेवीच्या सगळ्या कार्डांवरची नावे काढली आणि नोंदणी क्रमांक घातले. शाईचे डाग पडले होते हाताला. प्राचार्यांनी विचारले, हा खटाटोप कशासाठी? मी म्हटले, लेखनिकाची सोय. तुझ्या त्या पडद्यावर कोणी काय वाचतो ते दिसणार असेल, तर मी आजही रात्रभर बसेन.”

भाचीने लॅपटॉप थोडा खाली केला. ही हकीकत तिने प्रथमच ऐकली असावी.

“कोहात वाचकाने आपला वाचन-इतिहास ठेवायचा की पुसायचा हे त्याला ठरवता येते,” ती काही वेळाने म्हणाली. “आणि तो इतर वाचकांना दिसत नाही. पण तुमचे खरे आहे; चिठ्ठी लावतानाही नाव विचारले जाते. ते मी ऐच्छिक ठेवीन. टोपणनावाने लिहिता येईल.”

“वाचले काय हे यंत्राने सांगता कामा नये,” मामा म्हणाले. “सांगायचे असेल तर ज्याचे त्याने.”

“मान्य.”

“आणि तारे नकोत.”

“तारे का नकोत?”

“कारण जे पुस्तक वीस वर्षांत एकच माणूस मागतो, त्याला तारा कोण देणार? शंकर गणेश दात्यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची दुसरी. त्या सूचीत चांगले, वाईट, वाचनीय, अवाचनीय अशी वर्गवारी आहे का? एक पुस्तक असले की त्याची एक नोंद. तिच्यातले समत्व मला फार आवडते. बाजारात चढाओढ असते ती पुरे आहे.”

भाचीला ताऱ्यांचा मोह सोडवेना. मुलांना ते ओळखीचे असतात, तिने सांगितले. खानावळीपासून रिक्षापर्यंत ती सगळ्यांना तारे देतात, आणि ग्रंथालयात आल्यावरच तेवढा आपला अधिकार कोठे गेला असे त्यांना वाटते. मला तिचे हे म्हणणे पटले नाही. ज्या मुलाला शून्य नोंद मिळाली तो तारे नाहीत म्हणून निघून गेला नव्हता. त्याने जो शब्द लिहिला त्या शब्दाला तालिकेतून कोणी ओ दिली नाही म्हणून गेला. आकर्षक करायचे ते पडद्याचे रंग नव्हेत. त्याने ‘मुळशी’ म्हटले की ‘मुळशी’नेच उत्तर द्यावे, ‘मुळशि’ लिहिले तरी द्यावे, आणि उत्तराच्या शेजारी त्याच्यासारख्याच कोणाच्या दोन ओळी असाव्यात, एवढे झाले तर तो दुसऱ्यांदा येईल असा माझा अंदाज आहे. हे मी बोलून दाखवले. दोघांनीही ‘मास्तरांना संगणकातले काही कळत नाही’ या एका मुद्द्यावर तत्काळ एकमत केले.

चिठ्ठ्यांची छाननी कोणी करायची, यावर आणखी थोडी वादावादी झाली. कोहात प्रत्येक चिठ्ठी ग्रंथपालाच्या मंजुरीसाठी थांबवून ठेवता येते. मंजूर झाली तर दिसते, नामंजूर झाली तर नाही. मामांना ही सोय फार पसंत पडली. भाचीला ती मुळीच आवडत नव्हती, कारण हाताखाली एकही माणूस नसताना सायंकाळी सहानंतर बसून ‘मस्त’ आणि ‘लय भारी’ यांचा निवाडा करण्याचे काम तिच्याच गळ्यात येणार होते.

“‘लय भारी’ मंजूर कर,” मामा म्हणाले. “‘मस्त’ नको.”

“फरक काय?”

“‘लय भारी’ इथले आहे.”

तोवर पावसाने पुन्हा जोर धरला होता. भाचीने मोबाइलच्या जोडणीवर आपल्या महाविद्यालयाची तालिका उघडली, भुस्कुट्यांच्या पुस्तकाची ती ‘मुलाशी’ची नोंद काढली आणि लॅपटॉप मामांच्या मांडीवर ठेवला. नोंद दुरुस्त करणे तिच्या अधिकारातले होते व ते ती सोमवारी करणारच होती. पण पहिली चिठ्ठी मामांनी लावावी असा तिचा हट्ट होता. मामांनी चष्मा पुसला. एका बोटाने, प्रत्येक अक्षरागणिक थांबून, त्यांनी लिहिले : पाण्याखालचीं गांवें.

“मामा, अनुस्वार.”

“मला तसेच येते.”

“मग कोणाला सापडणार नाही.”

“दोन्ही लाव.”

तिने खाली दुसरी चिठ्ठी लावली, बिनअनुस्वाराची. टोपणनावाच्या रकान्यात मामांनी पुष्कळ विचार करून काहीच लिहिले नाही. मग दोन्ही चिठ्ठ्या पाठवल्या गेल्या आणि पडद्यावर एक ओळ आली, की आपली सूचना ग्रंथपालाच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.

“मंजूर कर,” मामा म्हणाले.

“इथून होत नाही. कार्यालयातल्या संगणकावरूनच होते.”

“म्हणजे केव्हा?”

“सोमवारी. साडेदहानंतर.”

मामांनी लॅपटॉप तिच्या हाती परत दिला आणि उरलेले भजे माझ्यापुढे सरकवले.